न पेरता उगवतं ते

या, बसा असे पायरीवर. खुरपं जरा खाली ठेव, आधी नीट बघून घेऊ. मृगाचा पाऊस पडून आठवडाही झाला नाही आणि परवापर्यंत भेगाळलेलं हे अंगण हिरवंगार झालं. कुणी पेरलं हे? वाऱ्यानं आलं म्हणतोस? थोडं आलंही असेल. कुंपणाजवळच्या त्या एकदांडीच्या बीला केसांचा झुबका असतो, ती उडत उडत येते. पण बाकीचं एवढं सगळं पाच-सहा दिवसांत वाऱ्यानं कसं येईल? ते इथंच होतं. उन्हाळाभर आपण ज्या मातीवरून ये-जा केली, तिच्या पोटात.

आणि किती वर्षं असं पडून राहत असेल ते? त्याचीच एक गोष्ट आहे, खरी घडलेली. अमेरिकेत मिशिगन राज्यात विल्यम बील नावाचे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. शेतातलं तण किती वर्षं काढत राहिलं म्हणजे संपतं, हे त्यांना शोधायचं होतं. १८७९ साली त्यांनी २० बाटल्या घेतल्या. प्रत्येक बाटलीत ओलसर वाळू भरली आणि वीस-एकवीस जातींच्या रानटी झाडांच्या ५०-५० बिया मिसळल्या. म्हणजे एका बाटलीत हजारावर बिया झाल्या बघा. बाटल्यांची तोंडं उघडीच ठेवली, पण त्या खाली तोंड करून तिरप्या पुरल्या, म्हणजे आत पाणी साचायला नको. ठरवलं असं की दर पाच वर्षांनी एक बाटली काढायची आणि बिया रुजत घालायच्या.

बील म्हातारे झाले, गेले. पण बाटल्या कुठं पुरल्यात त्याचा नकाशा सहकाऱ्याकडे गेला, त्याच्याकडून पुढच्याकडे. बिया काही मरेनात, म्हणून पाचाची दहा वर्षं केली आणि दहाची वीस. २०२१ च्या एप्रिलमध्ये एक बाटली काढली. पुरून १४१ वर्षं उलटून गेली होती! म्हणजे इकडे वासुदेव बळवंत फडके पकडले गेले, त्या साली पुरलेलं बी. ते भिजवलं आणि त्यातल्या काही बियांना कोंब आले. बहुतेक सगळे व्हर्बास्कम नावाच्या पिवळ्या फुलांच्या रानझाडाचे. शेवटची बाटली निघायची आहे २१०० साली. तेव्हा तुम्ही माझ्याहूनही म्हातारे असाल, तरी आठवणीनं बातमी वाचा.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ही मंडळी बाटली काढायला जातात ती रात्री, अंधारात. का बरं? चोरून नव्हे काही. त्या बियांवर उजेड पडायला नको म्हणून! पुष्कळ तणांचं बी ओल मिळाली म्हणून लगेच उगवत नाही. त्याला उजेड दिसावा लागतो. काहींना तर क्षणभराचा पुरतो.

हे कसं कळलं, तेही ऐका. १९५२ साली अमेरिकेतल्याच बेल्ट्सव्हिल इथल्या शेती संशोधन केंद्रात बोर्थविक, हेन्ड्रिक्स आणि त्यांचे सहकारी लेट्यूसच्या बियांवर प्रयोग करत होते. लेट्यूस म्हणजे सॅलडमध्ये कच्ची पानं खातात ती भाजी. भिजवलेल्या बियांवर लाल प्रकाश टाकला की त्या उगवायच्या. त्यावर लगेच दुसरा, डोळ्यांना जेमतेम दिसणारा गडद लाल प्रकाश टाकला की उगवायचं थांबवायच्या. पुन्हा लाल टाकला की पुन्हा तयार. असं कितीही वेळा आलटूनपालटून करा, बी ऐकायचं ते शेवटच्या प्रकाशाचं. बीच्या आत एक रंगद्रव्य असतं, त्याला पुढे फायटोक्रोम असं नाव मिळालं. ते या दोन प्रकाशांनी इकडून तिकडे पालटतं.

बीला याचा काय उपयोग? उघड्या उन्हात लाल प्रकाश भरपूर असतो. हिरवं पान मात्र स्वतःचं अन्न करायला लाल प्रकाश शोषून घेतं आणि गडद लाल खाली जाऊ देतं. म्हणजे मातीत पडलेल्या बीला वरून कोणता उजेड येतोय त्यावरूनच कळतं की डोक्यावर दुसऱ्या झाडाची पानं आहेत, की जागा मोकळी आहे. आणि काहीच उजेड येत नसेल तर आपण खोल आहोत. मोहरीहून बारीक बी ते, त्याच्यात शिदोरी असते किती? हातभर खोलातून कोंब वर काढायला निघालं तर वाटेतच संपेल. म्हणून ते थांबतं. मला तर या एका गोष्टीपुढे हात जोडावेसे वाटतात. डोळे नाहीत, मेंदू नाही, आणि एवढा विचार त्या इवल्याशा टरफलात बसवलेला!

हे एकदा कळलं की बागेतलं निम्मं काम कळलं. दरवर्षी कुदळ घेऊन वाफा खोल खणला की काय होतं? तळाशी निजलेल्या बिया वर येतात, ऊन बघतात आणि पुढच्या पावसात उगवतात. आपल्याला वाटतं आपण जागा साफ केली. म्हणून नवीन वाफा करताना एकदा खणायचं ते खणा, दगड काढा, खत घाला, पण लगेच काही पेरू नका. पाणी द्या आणि वाट बघा. आठ-दहा दिवसांत तण उगवेल, तेवढ्यात कोवळं असताना खुरप्यानं वरचं बोटभर सरकवून काढा. पुन्हा पाणी, पुन्हा तसंच. वरच्या थरातल्या बिया अशा संपवायच्या आणि मग मेथी-कोथिंबीर पेरायची, माती न उलटता. आपल्याकडचे शेतकरी हेच करत आले आहेत. वळवाच्या पावसावर तण उगवू द्यायचं, वाफसा आला की कुळवाची पाळी मारायची आणि मगच पेरणी. बेल्ट्सव्हिलचा प्रयोग त्यांनी वाचला नव्हता, पण शेत वाचलं होतं.

आणि झाडांमधली उरलेली माती उघडी ठेवायची नाही. वाळलेला पालापाचोळा, उसाचं पाचट, सुकलेलं गवत, जे मिळेल ते चार बोटं जाड पसरा. उजेड बंद, म्हणजे बी निजलेलं. ओलही टिकते. फक्त खोडाला टेकवू नका, तिथं ओल धरून साल कुजते. लोक पाला जाळतात तेव्हा माझा जीव तुटतो. तण रोखणारी सगळ्यात स्वस्त वस्तू जाळायची आणि मग मजूर लावून तण काढायचं!

आता इकडे या, गुलाबाच्या वाफ्याकडे. हे गवत दिसतंय ना, चकचकीत पानांचं? याची दांडी बोटांत धरून फिरवून बघ. तीन कडा लागतात की नाही? म्हणजे हे गवत नव्हेच. गवताची दांडी गोल आणि पेरं असलेली. हा लव्हाळा. आयुर्वेदातली मुस्ता ती हीच, आणि दिवाळीच्या उटण्यात असतो तो नागरमोथा याच्याच कुळातला. कालिदासाच्या शाकुंतलात राजा शिकार थांबवतो, तेव्हा रानडुकरांना डबक्यात निवांत मुस्ता उकरू द्या म्हणतो. म्हणजे हा किती जुना रहिवासी आहे बघा. १९७७ साली होम नावाच्या शास्त्रज्ञानं सहकाऱ्यांबरोबर जगातल्या सगळ्यात त्रासदायक तणांचं पुस्तक काढलं, त्यात पहिला मान याला दिला. ऊस, भात, कापूस, भाजीपाला, गरम देशांतलं एक पीक यानं सोडलेलं नाही.

याचं बळ कशात आहे, ते उकरून दाखवतो. हळू. हा वरचा फुगीर कंद. त्यातून ही तारेसारखी मुळी निघाली, तिला ही काळी गाठ, तिच्यातून पुन्हा मुळी आणि पुन्हा गाठ. माळेत मणी ओवावेत तशा या गाठी जमिनीखाली ओवलेल्या असतात. यातली टोकाची गाठ वाढत असते तोवर बाकीच्यांना दबून राहावं लागतं. आता तू वरून पानं धरून उपटलीस की काय होईल? माळ तुटेल. पानं हातात येतील, गाठी खाली राहतील, आणि दाबणारं कुणी उरलं नाही म्हणून त्यातल्या कितीतरी एकदम फुटतील. एकाचे पाच होतात ते असे. प्लॅस्टिक अंथरलं तरी याचं टोकदार पान ते भोसकून वर येतं.

मग हार मानायची? मुळीच नाही. याची दोन वर्मं आहेत. पहिलं, याला सावली सोसत नाही. म्हणून रिकाम्या वाफ्यात पावसाळ्यात ताग किंवा चवळी दाट पेरा, नाहीतर रताळ्याचा वेल पसरू द्या. त्याखाली हा खंगतो. दुसरं, गाठीत साठवलेलं अन्न. कोंब वर आला की पहिले काही दिवस तो गाठीतलं अन्न खर्चून वाढतो. पाच-सहा पानं झाली की कमाई सुरू होते आणि नव्या गाठी भरू लागतात. तेव्हा त्याआधीच काढायचा. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी, न चुकता, खुरपं खोल घालून कंदासकट. दर वेळी गाठ पुन्हा खर्च करते, कमाई मात्र होऊ देत नाही आपण. एका पावसाळ्यात संपेल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. आणि वैशाखात, वाफा रिकामा असताना, वीत-दीड वीत माती उलटून गाठी उन्हात टाका. बहुतेक गाठी वरच्या वीतभर मातीतच असतात आणि कडक उन्हात सुकल्या की मरतात. हो, खणू नका म्हणालो होतो मघाशी, बरोबर पकडलंस! बियांच्या तणाला खणणं पोसतं, गाठींच्या तणाला उन्हाळ्यातलं खणणं मारतं. म्हणून खुरपं उचलण्याआधी समोर कोण आहे ते ओळखायचं. पाणीही जपून द्या. जिथं रोज पाइप सोडून ठेवतात आणि माती कायम चिंब असते, तिथं लव्हाळा खूश असतो.

ही हरळी. गणपतीला वाहतो त्या दूर्वा याच. आपल्या लॉनचं गवतही हेच आणि पलीकडच्या वाफ्यातलं तणही हेच. ही जमिनीवर आडवी पळते आणि जमिनीखालूनही पळते. प्रत्येक पेराला मूळ आणि कोंब फुटायची सोय असते. म्हणून हरळीच्या रानात रोटाव्हेटर फिरवला की तिचे शेकडो तुकडे होतात आणि तुकडा न् तुकडा जगतो. तिला अख्खी ओढून, वेचून काढायची आणि वेचलेली उन्हात फरशीवर वाळवायची. खताच्या खड्ड्यात ओली टाकायची नाही. लॉन आणि वाफा यांच्यामध्ये शहाबादी फरशीचे तुकडे उभे, वीतभर खोल गाडले आहेत ना, ते शोभेसाठी नाहीत बरं. तिची खालची वाट अडवायला आहेत. तरी ती वरून उडी मारते, म्हणून दर पंधरवड्याला कडेनं विळा फिरवायचा.

लॉनबद्दल लोक सगळ्यात जास्त विचारतात, आणि उत्तर सोपं आहे. गवत दाट असेल तर तणाला उजेड मिळत नाही. अगदी मातीलगत कापून टाकलं की मातीवर ऊन पडतं आणि निजलेलं सगळं जागं होतं. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापू नये. पाणी रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा भरपूर द्यावं, म्हणजे मुळं खाली जातात. आणि आंब्याखाली हरळी लावायचा हट्ट सोडावा. तिला सावली सोसत नाही, ती विरळ होते आणि टक्कल पडलं की तिथं तण येतं. झाडाखाली पाला राहू द्या, किंवा सावलीतलं काही लावा.

आता या तीन धाकट्यांची ओळख करून घ्या. निळ्या फुलाचा हा केना, याची भजी तुम्ही खाल्ली आहेत. मुळापाशी माती बाजूला कर. ही पांढरी बोंडं दिसतात? ती फुलं आहेत. जमिनीखाली, न उमलता, मधमाशीची वाट न बघता स्वतःच बी धरणारी फुलं. वरच्या फुलांच्या लहान-मोठ्या दोन प्रकारच्या बिया, खालच्यांच्याही दोन. एका झाडाला चार प्रकारचं बी! पाऊस लवकर आला, उशिरा आला, वरून कुणी खुडलं, कुठलं ना कुठलं बी कामी येतंच. म्हणून केना तोडायचा नाही, मुळासकट अलगद काढायचा.

ही आंबुशी. पान चावून बघ, आंबट आहे ना? त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं. ही पिकलेली शेंग चिमटीत धर. उडालं ना! प्रत्येक बीभोवती ताणलेलं एक वेष्टण असतं, ते झटक्यात उलटं होतं आणि बी वाफ्यापलीकडे जाऊन पडतं. नर्सरीतून कुंडी आणली की बरेचदा ही सोबत येते. म्हणून नवीन कुंडीतली वरची बोटभर माती काढून टाकायची आणि मगच ती रांगेत ठेवायची. पण भिंतीकडेची आंबुशी मी राहू देतो. त्या बारक्या निळसर फुलपाखराच्या अळ्या हिच्यावरच वाढतात. सगळं काढून टाकलेल्या बागेत फुलपाखरू येऊन करणार काय?

आणि ही घोळ, लाल देठाची, मांसल पानांची. हिला उपटून वाफ्यातच टाकलं आणि पाऊस आला तर ती पुन्हा मुळं धरते. पाणी असताना ही मक्यासारखं भराभर अन्न करते आणि दुष्काळ पडला की निवडुंगासारखी दिवसा पानांची छिद्रं मिटून रात्री हवा आत घेते. दोन्ही युक्त्या एकाच झाडात असणं फार दुर्मीळ. हिचं काय करायचं ते आजीला विचारा, डाळ घालून भाजी उत्तम होते. फक्त जिथं कुणी फवारणी केली असेल तिथली खुडू नका.

फवारणीचंच विचारत होतीस ना? तणनाशकं मोठ्या शेताच्या अडचणीसाठी निघाली. जिथं तुळस आहे, कढीपत्ता आहे, तुम्ही अनवाणी खेळता, त्या अंगणात त्यांचं काम नाही असं माझं ठाम मत आहे. कुणी सांगेल मीठ टाका. तेही नको. मीठ मातीत राहतं आणि मग तिथं आपल्याला हवं तेही उगवत नाही. आणि शेणखत कच्चं आणू नका. गुरांनी खाल्लेल्या गवताचं बी त्यात जिवंत असतं. ढीग नीट लावला, ओला ठेवला, अधूनमधून उलटला की आत ५५-६० अंशांपर्यंत तापतो आणि बहुतेक बी त्यात मरतं.

एक मोठी गंमत सांगतो. माणसानं हजारो वर्षं तण काढलं, त्याचा तणावर काय परिणाम झाला असेल? निकोलाय वाविलोव नावाच्या रशियन शास्त्रज्ञानं याचा विचार केला. गव्हाच्या शेतात राय नावाचं एक रानटी गवत उगवायचं. जे रोप वेगळं दिसे ते शेतकरी उपटायचा, जे बी वेगळं दिसे ते पाखडताना जायचं. राहायचं ते गव्हासारखं दिसणारं. पिढ्यान्‌पिढ्या असं होत होत राय इतकं गव्हासारखं झालं, की थंड, निकस जमिनीत जिथं गहू येईना तिथं माणसांनी तेच पेरायला घेतलं. आज युरोपात रायचा पाव खातात. भातखाचरातही असंच एक गवत आहे, लोंबी येईपर्यंत ते भाताहून वेगळं ओळखू येत नाही. त्याला भाताचं सोंग शिकवलं ते आपल्याच हातांनी, निवडून निवडून.

आता हातमोजे घाला, बाह्या खाली ओढा. कुंपणापलीकडे जायचंय. गाजरासारखी पानं आणि पांढरी बारीक फुलं, हे गाजर गवत. याच्या स्पर्शानं अंगाला खाज सुटते, काहींना दमाही होतो, म्हणून उघड्या हातानं कधी धरायचं नाही. हे मूळचं मेक्सिकोच्या बाजूचं. आपल्याकडे याचा गाजावाजा सुरू झाला तो १९५० च्या दशकात पुण्यात नोंद झाल्यापासून, आणि तिथून ते देशभर पसरलं. तिकडे याला खाणारे किडे होते, इकडे कुणीच नव्हतं. गुरंही तोंड लावत नाहीत. एक झाड हजारो बिया टाकतं. म्हणून पाऊस पडून माती मऊ झाली की, फूल यायच्या आत, मुळासकट उपटायचं. आणि रिकाम्या झालेल्या जागेत टाकळ्याचं बी फेकायचं. टाकळा आपला, दाट वाढतो, गाजर गवताला डोकं वर काढू देत नाही, आणि कोवळा असताना भाजीला येतो.

पण त्या कोपऱ्यातल्या झाडांना हात लावू नका. पानांवर भुंगा दिसतो का, पिवळट पाठीवर तपकिरी नागमोडी रेघा असलेला? तो झायगोग्रामा, मेक्सिकोहून आणलेला. पिकांना खात नाही ना, हे तपासून १९८४ साली बंगळूरला सोडला. पुढे तो सूर्यफुलावर सापडला आणि मोठा गहजब झाला. शोध घेतला तेव्हा कळलं, सूर्यफुलाच्या पानांवर शेजारच्या गाजर गवताचे परागकण पडले होते, त्यांच्या ओढीनं तो तिथं कुरतडत होता! जबलपूरला तणांवर संशोधन करणारी सरकारी संस्था आहे, तिथले लोक अजूनही हे भुंगे लोकांना देतात. याच्या अळ्याही पानं खातात. पंधरा-वीस भुंगे अलगद डब्यात घ्या, नाल्याकडच्या गाजर गवतावर सोडून येऊ. पावसाळा सरला की हा जमिनीत शिरतो आणि पुढच्या पावसापर्यंत तिथंच राहतो, म्हणून या कोपऱ्यातली माती हिवाळ्या-उन्हाळ्यात कुणी खणायची नाही.